तीस किलोमीटरचा जावई

माझ्या लेकीने लग्नाचा विषय काढला तेव्हा मी एका वकिलाच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर घासत होते. त्या वकिलाचा सगळा घाम आणि सगळा खोटेपणा कॉलरलाच जमा होतो, त्यामुळे तिथे जोर लावावा लागतो. लेक हँगरच्या दांडीखाली उभी राहून म्हणाली, "आई, मी लग्न ठरवलंय."

"कुणाशी?"

"आहे एक. पळतो."

"कुणाच्या मागे?"

"मागे नाही गं, पुढे."

"मग सापडेल एक दिवस," मी म्हटलं आणि कॉलर उलटी केली.

तर असं हे स्थळ. 'आमचे जावई पळतात' हे वाक्य चारचौघांत उच्चारायला मला पुढे बराच काळ धीर झाला नाही. कुणी विचारलं तर 'खेळात आहेत' असं सांगायची. त्यावर लोक पत्ते समजायचे आणि मी समजू द्यायची. पत्त्यांत माणूस निदान एका जागी बसलेला असतो.

माझं धुलाई-इस्त्रीचं दुकान आहे, मोठ्या रस्त्याला लागून. दोन मशीन, एक लांब टेबल, वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दांडी आणि तिला लोंबकळणारी अर्ध्या वस्तीची अब्रू. त्यातलं एक मशीन मधूनच थडथडत जागा सोडायला लागतं. मग मी त्याला गुडघ्याने दाबून धरते. मशीन अजून ठणठणीत आहे, गुडघा कामातून गेला. लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिथल्या खुर्चीत हे गृहस्थ आ वासून पडलेले असताना तिने त्यांना पसंत केलं. तोंड उघडं आहे आणि तरी बोलत नाही, असा पुरुष तिने जन्मात पहिल्यांदाच पाहिला असावा.

पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा वाटलं, कुणीतरी हँगरसकट शर्ट पाठवलाय. खांदे तेवढे दिसत होते, खाली सगळा कारभार झिरमिळीत. मी स्टूल पुढे केलं. बसले.

"किती पळता?" मी विचारलं. बोलायला काहीतरी हवं.

"मॅरेथॉनला असतो. बेचाळीस किलोमीटर."

"बाप रे. रोज?"

"नाही, शर्यत बेचाळीसची. मी तीस पळतो."

"आणि उरलेले बारा?"

"ते दुसरे पळतात."

"का? तुम्हाला दम लागतो?"

"नाही आई, माझं काम संपतं."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मोठमोठे धावपटू असतात, त्यांना विक्रम करायचा असतो. त्यासाठी पहिल्यापासून एकसारखा वेग हवा, ना कमी ना जास्त, आणि छातीवर वारा नको. म्हणून त्यांच्या पुढे एक माणूस भाड्याने ठेवतात. त्याला म्हणतात पेसर. धंद्यातली माणसं आपसांत ससा म्हणतात. सशाने ठरल्या वेगाने पुढे पळायचं, वारा अंगावर घ्यायचा, आणि तीस किलोमीटरचा फलक आला की डावीकडे सरकून बाजूला व्हायचं. मागचा पुढे जातो, जिंकतो, त्याचे फोटो निघतात. ससा फुटपाथवर जाकीट घालून गाडीची वाट बघतो.

"म्हणजे पाहुण्याला गाडीत बसवून यायचं, तसं," मी म्हटलं.

"तसंच."

"फक्त स्टेशनाच्या अलीकडेच त्याला सोडून द्यायचं."

ते हसले. मोकळं, खरं हसले. मला ते आवडलं, म्हणून मी लगेच कपाळाला आठ्या घातल्या.

माझ्या आठ्यांना कारण होतं. आमचे हे, म्हणजे लेकीचे वडील, हयातभर अर्धवट कामांचे घाऊक व्यापारी होते. त्यांनी घराला अर्धा रंग दिला. कपाट केलं, दारं राहिली. दुकानाची पाटी रंगवायला घेतली आणि 'धुलाई आणि' एवढ्यावर ठेवली. गिऱ्हाईक आजही विचारतं, धुलाई आणि काय? शेवटी तर एका दुपारी जेवता जेवता, ताटात अर्धी पोळी ठेवून गेले. मी खूप रडले, पण त्या पोळीचा राग अजून गेलेला नाही. अशा घरात आता लेकीने जावई आणला, तर तोही धंद्यानेच अर्ध्यावर उठणारा.

लग्न झालं. जावईबापू आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायला आले, कारण दवाखाना जवळ होता आणि त्यांना काय, कुठूनही पळता येतं. मग मला त्यांचे एकेक गुण कळायला लागले. माणूस सज्जन. आवाज चढवणं नाही, व्यसन नाही. पण कपात दोन घोट चहा ठेवून उठायचे. सिनेमा बघायला बसले की शेवटच्या मारामारीआधी पाय मोकळे करायला जायचे आणि खलनायक मेला की नाही ते लेक नंतर त्यांना सांगायची. बादली भरायला ठेवली की पाऊण भरल्यावर नळ बंद.

"सवय आहे, आई," ते म्हणायचे.

"वाईट सवय आहे," मी म्हणायची.

"हिच्यावरच घर चालतं," लेक म्हणायची. ते खरंच होतं, म्हणून तिचा जास्त राग यायचा.

त्यांना टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मी मेले तरी विसरणार नाही. कुठल्याशा परदेशी शहरातली शर्यत होती. मी शेजारच्या सगळ्यांना दुकानात बोलावलं, खुर्च्या मांडल्या, बिस्किटं आणली. समोरच्या चष्मेवाल्याची बायको आली, वकील आला, वरच्या मजल्यावरची निवृत्त मास्तरीण आली. आणि टीव्ही लावला तर काय, आमचे जावई पहिले! सगळ्या जगाच्या पुढे! मागे ते नावाजलेले, पेपरात येणारे धावपटू, आणि पुढे आमचा हँगर.

"अहो, हे तर पहिले आहेत!" चष्मेवालीण किंचाळली.

मी ससाबिसा सगळं विसरले. खोटं कशाला बोलू, मी बिस्किटं वाटून मोकळी झाले. दीड तास आम्ही त्यांना पहिले पळताना बघत होतो. वकील म्हणाला, यांच्या सत्काराला मी बोलेन. आणि मग एका वळणावर जावईबापूंनी एकदा मागे पाहिलं, डावीकडे सरकले, मागच्याला हाताने 'जा' अशी खूण केली आणि चित्रातून नाहीसे झाले.

चष्मेवालीण उठून टीव्हीच्या मागे बघून आली.

"चक्कर आली का हो?" मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं.

"शूला गेले असतील," वकील म्हणाला.

"त्यांचं काम संपलं," मी म्हटलं आणि टीव्ही बंद केला. कोण जिंकलं ते नंतर कळलं. त्या जिंकलेल्याने मुलाखतीत देवाचे, आईचे, बायकोचे आणि बूट बनवणाऱ्या कंपनीचे आभार मानले. तीस किलोमीटर ज्याच्या पाठीकडे बघत आला, त्याचं नाव त्याच्या तोंडातून निघालं नाही. जावई परत आले ते हॉटेलातले छोटे साबण घेऊन. बॅग उघडली, घामट बनियन काढून माझ्या ढिगात टाकलं आणि म्हणाले, "रंग जात नाही याचा, बाकीच्यांत टाकलं तरी चालेल."

अशी त्यांची वर्षं गेली. या धंद्यात त्यांचं नाव झालं, म्हणजे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ठाऊक झालं. घड्याळाकडे न बघता वेग धरणारा म्हणून मोठे धावपटू मुद्दाम त्यांना मागून घ्यायचे. मॅनेजरचा फोन यायचा, बॅग भरायची, जायचे, तीस पळायचे, साबण आणायचे. त्यांच्या कानांना म्हणे मागच्याचा श्वास ऐकू यायचा. कोण थकलाय, कोण नुसतं सोंग करतोय, मागे न बघता सांगायचे. घरीही तेच. मी जिना चढत असले की वरच्या खोलीतून आवाज यायचा, "आई, थांबा जरा, तिसऱ्या पायरीला श्वास चुकला तुमचा."

आणि चालताना तर विचारू नका. महिन्यातून एकदा ते माझ्याबरोबर बँकेत यायचे. बँकेचा रस्ता नदीवरच्या पुलावरून जातो. हे गृहस्थ कायम माझ्या अर्धं पाऊल पुढे, आणि कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. मला वाटायचं माझी सोबत नकोशी झालीय.

"जावईबापू, मला वाट माहीत आहे," मी एकदा चिडून म्हटलं.

"वारा आहे, आई," ते म्हणाले. मी सोडून दिलं. सरळ भाषेत कुणी उर्मटपणा केला तर कळतो, पण याचं काय करायचं ते मला उमगलं नाही.

एकदा त्यांनी माझ्यासाठी पळायचे बूट आणले. मापबीप घेतलं नव्हतं, नुसते माझे पाय बघून. "दिवसभर उभं राहता, सुजतात," म्हणाले. बूट पोपटी रंगाचे. ते घालून इस्त्री करायची म्हणजे गिऱ्हाइकाने कपडे टाकून पळ काढायचा. मी खोका फळीवर ठेवला आणि त्यावर साबणाच्या वड्या रचल्या.

मग आली नात, आणि नात शाळेत जायला लागली. एके दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, तुमचे बाबा काय करतात? कुणाचा बाबा बस चालवतो, कुणाचा औषधं विकतो. आमची उभी राहिली आणि म्हणाली, "माझे बाबा पहिले असतात आणि मग घरी येतात." वर्ग हसला. पोर माझ्यावर गेलीय, रडली नाही. घरी येऊन तिने सगळ्यांसमोर जेवायच्या टेबलावर तोफ डागली.

"बाबा, ती शेवटची रेष ओलांडताना कसं वाटतं?"

जावयांचा घास हातात राहिला.

"मला नाही माहीत," ते म्हणाले.

"एकदा पण नाही ओलांडली?"

"नाही."

"मग माहीत करून घ्या ना," नात म्हणाली, आणि तिने वाढून घेतलं. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. जावयांनी ताट उचललं, स्वतः घासलं, आणि पुसून पुसून त्याला पार गुळगुळीत केलं. लेक माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण ताट घासणाऱ्या त्या पाठीकडे बघून मला वाईट वाटलं होतं आणि मला ते पसंत नव्हतं.

त्यात त्यांची कंबर गेली. डॉक्टरने फोटो दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, खुब्याची वाटी झिजली आहे, हे पळणं आता आवरतं घ्या. "एक शर्यत," जावई म्हणाले, "एकच." डॉक्टरने हो-नाही करत एक दिली, वर ताकीद दिली की सरावात लांब पळायचं नाही, असेल नसेल ती कंबर त्या दिवसासाठी ठेवायची. मॅनेजरने लगेच एक मोठा धावपटू सुचवला. यांनी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच फोनवर नाही म्हणताना मी त्यांना ऐकलं. आपल्याच शहरात होणाऱ्या शर्यतीत त्यांनी स्वतःचं नाव घातलं. पुढे कुणाला न्यायचं नाही, कुणाचा विक्रम नाही. आपले आपण, रेषेपर्यंत. नातीने वर्गात जाहीर करून टाकलं. आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि पुढे दुसरी शर्यतही नव्हती.

रस्त्याचा नकाशा आला तेव्हा ते दुकानात आले. "आई, गंमत बघा. तीसचा फलक बरोब्बर तुमच्या दारात येतोय."

"वा," मी म्हटलं, "म्हणजे थांबायची सोय झाली."

ते हसले. या वेळी थोडं कमी.

शर्यतीच्या सकाळी नातीने त्यांच्या छातीवर नंबर लावला. इतकी वर्षं तिथे नुसतं 'पेसर' असं लिहिलेलं असायचं, या वेळी नंबर होता. त्याआधी मी त्या नंबरावरून इस्त्री फिरवणार होते, लेकीने हिसकावून घेतला, त्यात म्हणे वेळ मोजायची काहीतरी चिप असते. त्या दोघी रेषेपाशी, गर्दी अडवायला बांधलेल्या दोराला धरून उभ्या राहणार होत्या. मी दुकान उघडलं. रविवार असला तरी सोमवारचे सदरे रविवारीच होतात.

आधी ते मोठे धावपटू गेले, सपासप, कुणी बघायच्या आत. त्यांच्यापुढे एक कोवळा ससा होता. फलकापाशी तो बाजूला झाला आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. मग बऱ्याच वेळाने आमचे जावई दिसले. दिसले ते एकटे नव्हते. मागे पंधरा-वीस जणांचं शेपूट! शहरातल्या हौशी पळणाऱ्यांना ठाऊक होतं की या माणसाच्या मागे राहिलं की वेग चुकत नाही. बँकेतला रोखपाल होता, एक दातांचा डॉक्टर होता, दोन कॉलेजच्या मुली होत्या. सगळे आपले गुपचूप यांच्या पाठीला चिकटून आले होते. आणि आमचे जावई त्यांना घेऊन चालले होते, छान, एकसारखे, चेहऱ्यावर कामाचा भाव.

मी हातातली इस्त्री सोडून दारात आले.

ते फलकापाशी आले. एकदा मागे पाहिलं. सगळे ठीक आहेत ना, बघितलं. डावीकडे सरकले. हाताने त्यांना 'जा' अशी खूण केली. आणि थांबले.

शेपूट पुढे निघून गेलं. रोखपालाने तर हात वर करून आभारही मानले. जावई कमरेवर हात ठेवून फुटपाथवर चढले आणि आपलं जाकीट घेऊन कोण उभं आहे ते शोधायला लागले. जाकीट घेऊन कुणी उभं नव्हतं. मी उभी होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या दुकानाकडे पाहिलं, छातीवरच्या नंबराकडे पाहिलं.

"आई," ते म्हणाले, "मी थांबलो."

"दिसतंय मला."

"ही माझी शर्यत होती."

"तेही मला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक होतं का?"

"मागे सगळे होते ना... मला वाटलं..." मागून जळका वास आला. वकिलाच्या सदऱ्यावर मी इस्त्री तशीच ठेवून आले होते. इतक्या वर्षांत माझ्या हातून जळलेलं ते पहिलं कापड. मी आत जाऊन बटण बंद केलं आणि बाहेर आले तर ते स्टुलावर बसलेले.

"बसलात काय? उठा आणि पळा!"

ते उठले. पाच-सहा पावलं पळाले. थांबले. परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. माझं ते थडथडणारं मशीन असंच करतं.

"पाय जात नाहीत, आई. इथून पुढचा रस्ता यांना माहीतच नाही. आणि मागे कुणी नाही. मागे कुणी नसलं की कुणासाठी पळतोय तेच यांना कळत नाही."

"पोर तिकडे दोर धरून उभी आहे सकाळपासून!"

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि तोंड दोन्ही हातांत घेतलं.

मला भयंकर संताप आला. असा माणूस असतो का जगात, स्वतःच्याच शर्यतीत दुसऱ्याला पोचवायला जाणारा? पण तो संताप धड टिकेना. त्याच्याखाली रडू होतं, आणि ते वर यायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. मी फळीवरचा खोका ओढला. साबणाच्या वड्या चोहीकडे घरंगळल्या. पोपटी बूट काढले आणि पायांत घातले. बसले की हो बरोबर!

"आई, हे काय?"

"मागे कुणीतरी हवं ना? मी आहे. चला, न्या मला रेषेपर्यंत."

"बारा किलोमीटर आहेत."

"मला मोजता येतं."

"तुमचा गुडघा..."

"गुडघ्याचं मी बघते. तुम्ही पुढचं बघा."

त्यांच्या चेहऱ्यावर तो कामाचा भाव हळूहळू परत आला. "कुठला वेग धरू?" त्यांनी विचारलं, अगदी त्या नावाजलेल्यांना विचारत असतील तसं.

"बँकेचा," मी म्हटलं.

दुकान उघडं टाकून आम्ही निघालो. अंगात दुकानातला एप्रन, खिशात खडू आणि बटणं. ते पुढे, मी मागे. "खांदे सोडा, आई. मुठी कशाला आवळल्यात, कुणाला मारायचंय?" "अजून ठरलं नाही," मी म्हणायची. मी दमले की मागे न बघता त्यांचा वेग कमी व्हायचा, बरं वाटलं की वाढायचा. लोक टाळ्या वाजवत होते. एका पोरसवदा स्वयंसेवकाने अडवलं, "आजी, तुमचा नंबर कुठाय?" "तो काय पुढे पळतोय," मी म्हटलं. वाटेत मी दोन केळी खाल्ली, एकदा एका ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या घरी घुसून मोरीला जाऊन आले. जावई दारात उभ्या उभ्या पाय हलवत राहिले. तिथेच त्या बाईने माझ्याकडे तिच्या धुवायला टाकलेल्या पडद्यांची चौकशी केली. मी म्हटलं, बाई, सोमवारी.

मग पूल आला. नदीवरून जोराचा वारा सुटला होता. कठड्याला लावलेल्या पताका आडव्या झाल्या होत्या, समोरून येणाऱ्या एका माणसाची टोपी उडाली. माझ्या एप्रनची नाडीही हलत नव्हती. मी डोकं जरा बाजूला काढलं तर तोंडावर फाडकन वारा बसला. पुन्हा आत घेतलं, तर बंद. पुढे ती हँगरसारखी पाठ, एवढीशी, कधी या अंगाला, कधी त्या अंगाला सरकत होती.

बँकेच्या त्या सगळ्या फेऱ्या मला आठवल्या. बोलायला गेले असते तर श्वास चुकला असता, आणि त्यांना कळलं असतं.

पुढचं सगळं हालाचं होतं. माझा गुडघा फुगला, त्यांचा खुबा धरला. ते लंगडायला लागले, मीही लंगडायला लागले, निदान एका तालात. मागून ती मागे राहिलेल्यांना उचलणारी बस आली. ड्रायव्हर म्हणाला, "बसा हो आता, वेळ संपली." मी त्याला म्हटलं, तुझ्या बसमध्ये मी आडवी होऊनच येईन. तो मुकाट्याने मागे राहिला. रस्त्यावरचे अडथळे उचलत होते, पाण्याची टेबलं दुमडत होते. आम्ही चालतच होतो.

शेवटी तो सरळ रस्ता आला. समोर रेष होती, पांढरी, जाड. तिच्यावर ती हवेने फुगवलेली कमान, आणि एक माणूस तिच्या झडपेपाशी वाकलेला. दोराला लेक आणि नात. दोघीच उरल्या होत्या. नात ओरडत नव्हती, दोर घट्ट धरून नुसती बघत होती.

रेष दहा पावलांवर आली. आणि जावईबापूंनी मागे पाहिलं, डावीकडे सरकले, आणि हाताने मला खूण केली. जा.

"हे काय?" मी जागच्या जागी थांबले.

"तुम्ही जा, आई. आणलं तुम्हाला."

"मी कशाला जाऊ?"

"तुम्ही आधी..."

"अहो, कुणीतरी जा," कमानीचा माणूस म्हणाला, "मला हवा काढायचीय." आणि त्याने झडप सैल केलीच.

खरं सांगते, मला जायचं होतं. ती रेष मला हवी होती. बारा किलोमीटर मी जावयासाठी आले असेन, पण ती दहा पावलं मला माझ्यासाठी हवी होती. हात वर करून, पोपटी बूट घालून, नातीच्या डोळ्यांदेखत. नुसतं पुढे जायचं होतं, ते तर जा म्हणतच होते. आणि मी गेले असते तर ते तिथेच, त्या दहा पावलांवर, जाकीट शोधत उभे राहिले असते. मला त्यांच्या पायांची खात्री होती.

मी उजवीकडे सरकले. फुटपाथच्या कडेला बसले आणि बुटाची नाडी सोडली.

"माझं काम संपलं, जावईबापू," मी म्हटलं.

मागे कुणी नव्हतं, पुढेही कुणी नव्हतं. अनोळखी घरात दिव्याचं बटण चाचपडावं तसे ते उभे होते. कमान एका बाजूने खचायला लागली.

"बाबा!" नात एवढंच म्हणाली.

मग ते निघाले. पळाले नाहीत, लंगडत गेले. कमान इतकी खाली आली होती की त्यांना मान वाकवून तिच्याखालून जावं लागलं. पलीकडे निघाले आणि उभे राहिले, पुढे काय करायचं असतं ते ठाऊक नसल्यासारखे. नातीने दोर सोडून त्यांच्या पायांना मिठी मारली.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

ते वळले. "आजी मागे राहिली गं," ते म्हणाले, आणि रेष उलटी ओलांडून मला उठवायला आले.

अजून लोक विचारतात, एवढं आलात, मग दहा पावलं काय जड होती? होती. बारा किलोमीटरला लागला नाही एवढा जोर मला तिथे थांबायला लागला. आणि हा माणूस वर्षातून चार-पाचदा ते करून घरी यायचा आणि निमूट बनियन धुवायला टाकायचा. मी त्याला अर्धवट म्हणायची.

गाडी मिळायला आम्हाला चौकापर्यंत चालत जावं लागलं. लेक माझे बूट घेऊन मागून येत होती, नात तिच्या हाताला. मी अनवाणी, गुडघा धरून, जावयांच्या अर्धं पाऊल पुढे चालत होते.

"आई, मला वाट माहीत आहे," ते म्हणाले.

"वारा आहे," मी म्हटलं. वारा केव्हाच पडला होता.